हात नंतर काढून टाकते

१

बाळाचे फोटो काढायला कोणाला बोलवायचं हे ठरवायचं काम मेघानं आईवर टाकलं, तेव्हा मंदाबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"मला गं काय कळतं त्यातलं?"

"तुला बाळ कळतं ना? मग झालं." मेघा खाटेवर कुशीला वळत म्हणाली. "तुझं मन ज्याच्यावर बसेल त्याला बोलवू. मागून काही झालं तर मला कुणाचं बोलणं ऐकायचं नाही."

मागून काही झालं तर. मंदाबाईंचा हात शेंगेवरच थांबला. मग त्यांनी ती शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले आणि दुसरी घेतली.

धरणगावच्या याच घरात, याच खाटेवर, दोन वर्षांपूर्वीही मेघा बाळंतपणाला आली होती. ते बाळ बारशापर्यंत पोचलंच नाही. ना नाव राहिलं, ना फोटो. सव्वा महिना होईपर्यंत बाळाचा फोटो काढायचा नाही, नजर लागते, असं तिच्या धुळ्याच्या सासरी मानतात, आणि सगळ्यांनी ते पाळलं होतं. आता मेघाला त्याचा चेहरा आठवेनासा झाला होता. केस विंचरताना मधेच थांबून ती विचारायची, "आई, त्याचं नाक कसं होतं गं?" मंदाबाई सांगायच्या, "तुझ्यासारखं." खरं तर त्यांनाही आठवत नव्हतं. त्यांना आठवायचे ते त्याचे हात. कारण त्या हातात काळ्या मण्यांची, घुंगराची मनगटी त्यांनीच ओवून घातली होती, आणि त्याला मातीत ठेवताना ती काढून घ्यायचा जीव त्यांना झाला नव्हता.

म्हणून या वेळी मेघानं पोटुशी असतानाच सांगून ठेवलं होतं, घरी आल्या आल्या फोटो.

धुळ्याहून तिच्या सासूबाईंचा, यशोदाबाईंचा फोन आलाच. "फोटूनी इतली घाई काय शे वं, विहीणबाई? सव्वा महिना व्हऊ द्या. मंग काढा बठ्ठा फोटू."

तेवढ्यात जावयानं, समाधाननं, आईच्या हातून फोन घेतला. "मामी, तुम्ही बोलवा कुणालाही. मागच्या वेळी ऐकलं होतं ना आम्ही सगळ्यांचं."

त्यानं फोन ठेवला.

२

पहिला आला गावातलाच पुना. लग्नाचे फोटो काढणारा, मोठा उत्साही माणूस.

"काकू, बाळाला गच्चीवर आणा. ड्रोननं वरून घेतो. गावात आजवर कुणी केलं नसेल."

"बाळ आहे रे ते, वरात नाही," मंदाबाई म्हणाल्या आणि चहा पाजून त्याला वाटेला लावलं.

दुसरा धुळ्याचा, समाधानच्या ओळखीचा. त्याचा स्टुडिओ मोठा, पण बाळाला तिकडे न्यायला हवं होतं. एवढ्या थंडीत, त्या रस्त्यानं? मंदाबाईंनी नुसती मान हलवली.

तिसरी जळगावची हेमांगी. तिनं मोबाइलवर फोटो पाठवले होते. टोपलीत निजलेली बाळं, शेवंतीच्या फुलांत निजलेली बाळं. एका फोटोत तर बाळ पालथं, दोन्ही तळहातांवर हनुवटी टेकवून, पारावर बसलेल्या म्हाताऱ्यासारखं विचारात गढलेलं. मेघाला ते बघून हसू आवरेना. मंदाबाई मात्र हसल्या नाहीत. गल्लीतली कितीतरी बाळं त्यांनी आपल्या पायांवर घेऊन न्हाऊ घातली होती. इतक्या लहान बाळाची मान म्हणजे नाजूक देठावरचा भोपळा. ती अशी राहिलीच कशी?

त्यांनी स्वतः फोन लावला. "ताई, ह्या बाळाची मान कुणी धरलीय?"

पलीकडे हेमांगी खूश होऊन हसली. "काकू, हे आजवर मला कुणी विचारलंच नव्हतं! घरातलंच कुणीतरी धरतं. एका फोटोत डोकं धरायचं, दुसऱ्यात मनगटं. मग मी दोन्ही फोटो जोडते आणि हात नंतर काढून टाकते."

"म्हणजे हात असतो, पण दिसत नाही."

"हां. असतो, पण दिसत नाही."

मग तिनं विचारलं, खोली उबदार आहे का, बाळ पोटभर दूध पितं का. म्हणाली, "रडलं तर थांबायचं, काकू. आपल्याला कुठं गाडी पकडायचीय." त्या वाक्यावर मंदाबाईंचं मन बसलं.

"हिलाच बोलव," त्यांनी मेघाला सांगितलं.

३

हेमांगी आली ती दोन मोठ्या पिशव्या घेऊन. आल्या आल्या कोपरापर्यंत हात धुतले, अंगठी काढून पर्समध्ये टाकली. मंदाबाईंना आपली निवड चुकली नाही असं वाटलं.

पण पिशव्या उघडायच्या आधी तिनं घरभर फिरून उजेड पाहिला. मधल्या खोलीत मेघाची खाट आणि बाळाची साडीची झोळी. स्वयंपाकघर अंधारं. शेवटी तिनं मागच्या खोलीचं दार ढकललं आणि उंबरठ्यावरच थबकली.

"अगंबाई!"

खोली कापसानं भरलेली होती. वेचणी झाली की भाव चढायची वाट बघत धरणगावात घरोघर कापूस असाच भरून ठेवतात. भिंतींना टेकून छातीइतका ढीग, दाराकडे उतरत आलेला. दक्षिणेच्या खिडकीतून ऊन येऊन त्यावर पडलं होतं. आत पाऊल टाकलं की बाहेरचा सगळा आवाज कुणी झाकण लावल्यासारखा दबून यायचा.

"काकू, इथंच काढू. फोटोमागे लावायला असा पडदा मला जळगावात विकतही मिळायचा नाही. ऊबही आहे."

मंदाबाई घुटमळल्या. "धूळ असते गं. किडे असतात."

"वर माझी मऊ चादर घालते ना."

नाही म्हणायला कारण काहीच नव्हतं. म्हणजे होतं, पण ते फोटो काढायला आलेल्या बाईला कसं सांगायचं? हा कापूस नाल्याकाठच्या शेतातला होता. ते शेत मेघाच्या वडिलांनी, भटूभाऊंनी, दोन वर्षं पडीक टाकलं होतं. त्याच्या बांधाला, बाभळीखाली, मेघाचं ते पहिलं बाळ ठेवलं होतं. यंदा भटूभाऊच म्हणाले, "किती दिवस टाकून ठेवायचं?" आणि पेरलं. कधी नव्हे तसा कापूस फुटला त्या शेतात. मंदाबाई वेचणीला गेल्या होत्या, पण बांधाकडच्या ओळी त्यांनी दुसऱ्या बायांना दिल्या.

कापूस तो कापूस, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि बाळाला आणायला गेल्या.

४

मेघा नुकतीच पाजून आडवी झाली होती. टाके ओढत होते, डॉक्टरांनी उठू नको म्हणून सांगितलं होतं. "आई, तू बस त्याच्याजवळ. तुझा हात असला की मला भीती नाही."

हेमांगीनं कापसात ओंजळीसारखा खळगा केला, चादर पसरली, बाळाला पालथं ठेवलं. मंदाबाई बाजूला गुडघे मोडून बसल्या आणि बाळाच्या डोक्याला मागून हात लावला. फोटो निघू लागले. कॅमेऱ्याचा आवाजसुद्धा त्या खोलीत कापसात बुडाल्यासारखा यायचा.

"अमृत! ए अमृत, इकडे बघ राजा."

मंदाबाई चमकल्या. "नावानं नको हाक मारू, हेमांगी. बारसं व्हायचंय अजून."

"मेघाताईंनी सांगितलं. हे बघा, अक्षरंपण करून आणलीत." तिनं लाकडाची रंगवलेली तीन अक्षरं बाळाच्या पुढ्यात मांडली. अ, मृ, त.

मधल्या खोलीतून मेघानं ऐकलं. "राहू दे गं आई! मी तर पोटात असल्यापासून अमृतच म्हणते त्याला."

मेघा पोटातल्या बाळाशी अमृत म्हणून बोलायची हे खरं. पण या बाळाशी एकट्याशीच नव्हे. त्याच्या आधीच्याशीही ती याच नावानं बोलत होती. मेघा हे विसरली होती की विसरायचं ठरवून बसली होती, ते मंदाबाईंना कळेना. आणि बाळंतिणीला असलं काही विचारू नये.

"अमृत," हेमांगी लाडानं म्हणाली. "ये रे ये, अमृत. ये."

ढिगात कुठंतरी घुंगरू वाजलं.

एकदाच. बद्द, तोंड दाबल्यासारखं. मंदाबाईंनी बाळाच्या मनगटाकडे पाहिलं. तिथं नुसता काळा दोरा होता. या वेळी त्यांनी मुद्दाम घुंगरू घातलं नव्हतं.

"तुला ऐकू आलं काही?"

"काय?" हेमांगी कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाली.

उंदीर असेल. कापसात सरकीसाठी उंदीर येतातच.

५

"आई, जरा पाणी देशील?" मेघाची हाक आली.

मंदाबाईंनी बाळाचं डोकं अलगद चादरीवर टेकवलं, गाल एका कुशीला केला, आणि हेमांगीला म्हणाल्या, "याला निजवलंय. आलेच मी." हेमांगी वाकून कसलीशी काच बदलत होती. तिनं "हूं" केलं.

तांब्या भरून मेघाला पाणी दिलं. तिच्या पायांवरची गोधडी सारखी केली. परत फिरल्या आणि मागच्या खोलीच्या दाराशी आल्या, तोवर हेमांगीचं बोलणं कानावर पडत होतं.

"हां काकू, अस्सं. थोडं वर घ्या. अजून थोडं. बास! आता हलू नका."

खट्. खट्. खट्.

मंदाबाई दारात उभ्या होत्या. हातात रिकामा तांब्या होता.

हेमांगीची पाठ त्यांच्याकडे होती. तिच्या खांद्यावरून त्यांना बाळ दिसलं. बाळाचं डोकं वर होतं. नीट, सरळ, हनुवटी तळहातांवर, अगदी मोबाइलवरच्या त्या फोटोसारखं. डोळे टक्क उघडे. बाळ कॅमेऱ्याकडे पाहत नव्हतं, बाजूला पाहत होतं. मंदाबाई मघाशी बसल्या होत्या तिकडे.

"छान, काकू. सोडा आता."

बाळाचं डोकं खाली आलं. पडलं नाही. कुणीतरी सांभाळून टेकवावं तसं हळूहळू आलं आणि गालावर विसावलं.

तांब्या हातातून सुटला. हेमांगी दचकून वळली. दारात मंदाबाई दिसल्या तशी तिनं पुन्हा बाळाकडे पाहिलं, पुन्हा मंदाबाईंकडे पाहिलं.

"काकू, तुम्ही... तुम्ही तिकडे कधी गेलात?"

"मी आत्ता येतेय."

"मग हात कुणाचा होता?"

६

बाळाला झोळीत नेऊन ठेवलं. ते शांत झोपलं, मेघालाही डोळा लागला. दोघी मागच्या खोलीत परत आल्या. का आल्या, ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

"मला फक्त चेहरा दिसतो कॅमेऱ्यातून," हेमांगी पुन्हा पुन्हा म्हणत होती. "कडेला हात आहे एवढंच कळतं. मला वाटलं तुम्हीच."

"कापसाचा टेका मिळाला असेल," मंदाबाई म्हणाल्या. बोलताना त्यांना ते पटलंही. कापूस दाबला तर फुगून वर येतो, बाळाची हनुवटी उचलली गेली असेल. त्यांनी वाकून चादरीखाली दाबून पाहिलं. कापूस दबला तो दबलाच राहिला.

चादरीच्या शेजारी आणखी एक खळगा होता. थाळीएवढा. मंदाबाईंच्या बसण्याचा तो नव्हता, त्यांची जागा अलीकडे होती. एखादं लहान मूल मांडी घालून बसून उठावं तेवढा. त्यांनी तो बुजवायला हात घातला आणि झटकन मागे घेतला. आत कोमट होतं.

"दाखव मला," त्या म्हणाल्या. "हात काढायच्या आधीचे फोटो."

"काकू, ते आम्ही कुणाला..."

"दाखव."

हेमांगीनं लॅपटॉप मांडीवर घेतला. पहिले फोटो मंदाबाईंच्या हाताचे. गोंदलेली तुळस, विळ्याचा जुना वण, सगळं ओळखीचं. आपला हात किती म्हातारा दिसतो, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. मग पुढचा फोटो आला.

हात कापसातून आला होता. मागे दंड नव्हता, खांदा नव्हता, पांढऱ्या ढिगातून थेट मनगट. गुबगुबीत, बोटांच्या मुळाशी खळ्या असलेला, चालायला लागलेल्या पोराचा हात. त्यानं बाळाच्या मानेला मागून आधार दिला होता. जसा मंदाबाई देत तसाच. अंगठा कानामागे, बोटं पसरलेली.

मनगटात काळे मणी होते. मधे पितळी घुंगरू.

मंदाबाईंनी पडद्याला बोट लावलं. दोन वर्षांपूर्वी कड बाळाला लागू नये म्हणून त्यांनी या घुंगराचं तोंड दातांनी दाबलं होतं. ती चेप तशीच होती. तेव्हा ही मनगटी सैल होती, निसटू नये म्हणून दोरा दुहेरी करावा लागला होता. आता मणी मांसात रुतले होते.

हात वाढला होता.

"काकू?" हेमांगी कुजबुजली. "कुणाचा आहे?"

मंदाबाईंनी पुढचा फोटो दाखव अशी खूण केली. पुढच्यात तो हात गालावर होता. त्याच्या पुढच्यात खांद्यावरून खाली घसरलेला. शेवटच्या फोटोत बाळानं त्या हाताचं एक बोट मुठीत घट्ट धरलं होतं, आणि त्याचा इवलासा हात ताणला गेला होता. रांगत्या भावाला थोरला बाहेर खेळायला ओढत नेतो तसा. ओढ कापसाकडे होती, आत.

"काढून टाक," मंदाबाई म्हणाल्या. "मेघाच्या नजरेला पडू देऊ नको. आत्ता काढ."

त्यांना मेघाचीच भीती वाटत होती. दोन वर्षं ती एका फोटोसाठी तळमळत होती. हे पाहिलं असतं तर ती ओरडली नसती. तिनं हात पुढे केला असता.

हेमांगी रोजचं काम असल्यासारखं करत गेली. जरा जरा करून मणी गेले, घुंगरू गेलं, बोटं गेली. त्या जागी पांढराशुभ्र कापूस आला. बाळ एकटं राहिलं. फक्त त्याची मूठ मिटलेलीच होती, आणि मुठीच्या मधे एका बोटाची पोकळी होती.

"हे नाही भरता येत," हेमांगी म्हणाली.

मधल्या खोलीत घुंगरू वाजलं.

७

मंदाबाई धावल्या नाहीत. भिंत धरत धरत त्या मधल्या खोलीच्या दारात पोचल्या.

भर दुपारचं ऊन खिडकीतून जमिनीवर पडलं होतं. मेघा भिंतीकडे तोंड करून झोपली होती. झोळी हलत होती. तिची दोरी खुंटीला गुंडाळलेली होती, तिला कुणी हात लावला नव्हता. झोळीच्या कडेवरून बाळाचा हात बाहेर आला होता, कोपरापर्यंत, सरळ ताणलेला. मूठ हवेत मिटलेली. झोळी दर झोक्याला दाराकडे थोडी जास्त जात होती आणि मागे थोडी कमी येत होती. बाळ जागं होतं. रडत नव्हतं. मान वर करून कुणाकडे तरी बघत होतं.

बाळाला उचलून घ्यावं असं मंदाबाईंच्या मनात आलं. पण मूठ सुटली नाही तर? त्या हाताला हिसका द्यायची त्यांची छाती होईना.

त्या झोळीजवळ खाली बसल्या. समोर कुणी नव्हतं. साधारण दोन वर्षांच्या पोराचं तोंड जिथं येईल तिथं पाहून त्या बोलल्या. आवाज अगदी हळू काढला, मेघा जागी होऊ नये म्हणून.

"अमृत."

झोळी थांबली.

"अमृत, सोड बाळा त्याला. लहान आहे तो. त्याला चालता येत नाही अजून." कुठलीही आजी गल्लीत कुठल्याही नातवाला म्हणते तेच त्यांच्या तोंडून निघालं. "ये, माझं बोट धर."

किती वेळ गेला कोण जाणे. मग बाळाची मूठ उघडली. पाकळीसारखी एकेक बोट करून उघडली. हात झोळीच्या कडेवर लुळा पडला, मान उशीवर कलली, आणि बाळानं पहिल्यांदा टाहो फोडला. इतका मोठा, इतका जिवंत, की मंदाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

मेघा धडपडत उठली. "काय झालं? काय झालं त्याला?" तिनं बाळाला छातीशी घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "बघ, बघ, उगी. भूक लागली माझ्या राजाला." बाळ प्यायला लागलं तशी तिनं मान वर केली. आई जवळ नव्हती. मागच्या खोलीच्या दारात हेमांगी उभी होती. दोन्ही हात तोंडावर घेऊन ती बाहेरच्या दाराकडे पाहत होती.

मेघानं तिकडे पाहिलं.

"आई? कुठं निघालीस अशी, अनवाणी?"

तेव्हा कुठं मंदाबाईंना कळलं, आपण उंबरठ्याबाहेर उन्हात उभ्या आहोत. त्यांचा उजवा हात जरासा खाली झुकला होता. करंगळीभोवती काहीतरी लहान, मऊ, कोमट घट्ट आवळलेलं होतं.

ओढ फार नव्हती. पण नाल्याकाठच्या शेताकडे होती.